पास की तिकीट?

परवा नात लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. येत्या मे महिन्यात ती आणि तिच्या दोन मैत्रिणी युरोपात फिरायला जाणार आहेत. तिने एक भला मोठा तक्ता केला होता. एका रकान्यात युरेल पासची किंमत, दुसऱ्यात प्रत्येक प्रवासाचं सुटं तिकीट, खाली बेरीज. "आजी, सुटी तिकिटं आत्ताच काढून ठेवली तर माणशी नऊ हजार रुपये वाचतात. मग पास कशाला घ्यायचा?" मी चष्मा लावून बेरीज तपासली. बरोबर होती. मी शिकवला इतिहास, पण दुसऱ्याची बेरीज तपासायची खोड शिक्षकाला असतेच. तिला म्हटलं, "बेरीज बरोबर आहे गं, पण या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे." तेवढ्यात तिला फोन आला आणि ती उठून गेली. इतिहास म्हटलं की मुलं उठून जातात, याचा मला तीस वर्षांचा अनुभव आहे. तेव्हा तो इथे लिहिते.

तिकीट आणि पास हे दोन्ही शब्द मला फार लहानपणी कळले. वडील रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. मिरजेच्या आसपासच्या लहान स्टेशनांवर त्यांच्या बदल्या होत. खिडकीमागे लाकडी कपाट, त्यात गावागणिक खण आणि खणात पुठ्ठ्याच्या जाड तिकिटांची चळत. उतारूने गाव सांगितलं की वडील त्या खणातलं तिकीट ओढायचे, तारखेच्या यंत्रात सरकवायचे, खट्ट आवाज व्हायचा. रात्री शेवटची गाडी गेली की प्रत्येक खणातला नंबर वहीत उतरवायचा. त्यातून सकाळचा नंबर वजा केला की त्या गावाची किती तिकिटं खपली ते कळे. पैसे कमी भरले तर स्वतःच्या खिशातून घालायचे. पास ही वेगळीच चीज. तो वर्षातून ठरावीक वेळा मिळे. त्यावर आईचं, आम्हा भावंडांचं नाव, वय, कुठून कुठे ते लिहिलेलं असे. दिवाळीत आजोळी जाताना आई तो पास डब्याच्या पिशवीत ठेवू द्यायची नाही, पदराखाली धरून बसायची. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, तिकीट हरवलं तर दंड, पास हरवला तर चौकशी.

ते पुठ्ठ्याचं तिकीट मूळचं इंग्लंडमधलं. तिथल्या सुरुवातीच्या आगगाड्यांवर घोड्यांच्या प्रवासी गाड्यांचीच पद्धत चाले. कारकून प्रत्येक उतारूसाठी हाताने चिठ्ठी लिहायचा आणि वहीतून फाडून द्यायचा. गर्दी वाढली तशी रांग हलेना आणि हिशेबही लागेना. त्यावर तोड काढली लँकेस्टरच्या टॉमस एडमंडसनने. याचा फर्निचरचा धंदा बुडून दिवाळं निघालं होतं आणि १८३६ साली तो न्यूकॅसल अँड कार्लाइल रेल्वेच्या मिल्टन नावाच्या आडबाजूच्या स्टेशनावर नोकरीला लागला होता. त्याने आधीच छापलेली, ओळीने नंबर घातलेली पुठ्ठ्याची तिकिटं केली. तारीख उमटवायचं यंत्र केलं. पुढे ही पद्धत वापरणाऱ्या कंपन्यांकडून तो लोहमार्गाच्या मैलामागे वर्षाला दहा शिलिंग घेत असे. वडिलांच्या खिडकीतला खट्ट आवाज हा असा मिल्टनहून आलेला.

या तिकिटाचा स्वभाव लक्षात घ्यावा. इथून तिथे, या वर्गाने, या तारखेला. जितके मैल तितके पैसे. एका कंपनीच्या हद्दीत हे ठीक आहे. पण गाडी दुसऱ्याच्या रुळांवर गेली की पैसे कोणाचे? इंग्लंडात १८४२ मध्ये त्यासाठी रेल्वे क्लिअरिंग हाऊस नावाची कचेरीच काढली. तिथले कारकून कंपन्यांमधल्या देवाणघेवाणीचा हिशेब लावत बसत. युरोप खंडात तर देश बदलला की नाणं, भाषा, कस्टम, सगळंच बदलायचं. पॅरिसहून रोमला निघालेल्या माणसाने किती खिडक्यांवर उभं राहायचं?

इथे टॉमस कुक येतो. १८४१ च्या ५ जुलैला याने लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसं दारूबंदीच्या सभेसाठी नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. १८५५ मध्ये तो समुद्र ओलांडून लोकांना युरोपात घेऊन गेला आणि १८६३ मध्ये स्वित्झर्लंडला. त्या स्विस सहलीत जेमायमा मॉरेल नावाची एक तरुणी होती. तिने रोज डायरी लिहिली आणि ती डायरी दुसऱ्या महायुद्धानंतर सापडली. घरच्या पुरुषमाणसाच्या छत्राखाली राहूनच फिरायचं अशा काळात बायकांना आल्प्समध्ये पायी हिंडता आलं, ते या सहलीमुळे. कुकने ठिकठिकाणच्या रेल्वेंशी आणि बोटवाल्यांशी बोलणी करून वर्तुळाकार प्रवासाची तिकिटं आणली. मार्ग ठरलेला, पण एकदा लंडनला पैसे भरले की वाटेत खिडकीवर जायला नको. १८६८ पासून हॉटेलांचीही कुपनं आली. १८८१ मध्ये त्यांची मुंबईला कचेरी निघाली. आपल्याकडे काशी-रामेश्वर करणारी मंडळी 'सर्क्युलर तिकीट' काढत, ती याच कुळातली कल्पना.

कुकचं हे पुस्तक म्हणजे पास नव्हे. ती एकत्र शिवलेली तिकिटंच. खरा पास जन्मला स्वित्झर्लंडमध्ये. एवढासा देश, पण प्रत्येक खोऱ्यात वेगळी खाजगी रेल्वे. तिथे १८९१ मध्ये अर्ध्या भाड्याचं कार्ड आलं आणि १८९८ मध्ये 'गेनेराल-आबोनमां', म्हणजे ठरावीक मुदतीत वाटेल तिथे हिंडा. पैसे मैलांचे नाहीत, दिवसांचे. तिथली संघीय रेल्वे गाड्या चालवू लागली १९०२ मध्ये. म्हणजे सरकारी रेल्वे एक होण्याआधी तिकीट एक झालं! वर्गात मी जर्मनीचं एकीकरण शिकवताना बिस्मार्क आणि लढाया सांगत असे. हे उदाहरण तेव्हा ठाऊक असतं तर तेही सांगितलं असतं.

सगळ्या युरोपाचा पास यायला मात्र दोन महायुद्धं जावी लागली. पहिल्यानंतर, १९२२ मध्ये, पॅरिसला आंतरराष्ट्रीय रेल्वे संघ स्थापन झाला. दुसऱ्यानंतर युरेल पास आला, १९५९ मध्ये. तो युरोपातल्या लोकांसाठी नव्हताच. मुख्य डोळा अमेरिकन प्रवाशांवर होता. जेट विमानांनी अटलांटिक ओलांडायला नुकतीच सुरुवात झाली होती, आणि डॉलर कोणाला नको होते? तेरा देश, फक्त पहिला वर्ग. सगळ्या रेल्वेंनी मिळून एक वस्तू विकायची आणि आलेले पैसे आपापसांत वाटून घ्यायचे. चौदा वर्षांपूर्वी याच रुळांवरून सैन्यं आणि कैदी नेले जात होते हे आठवलं, की त्या पासाकडे नुसती प्रवाशांची सोय म्हणून बघवत नाही. ब्रिटन मात्र त्यात नव्हतं. ते सामील झालं थेट २०१९ मध्ये.

आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो २००४ मध्ये. माझा भाचा तेव्हा फ्रँकफर्टला होता. आमच्या घरी नातीसारखाच तक्ता झाला होता, फक्त तो कागदावर आणि ह्यांच्या बारीक अक्षरात. हे बँकेतले. त्यांचं मत तिकिटांच्या बाजूने. मी हट्टाने पास घ्यायला लावला. खरं कारण सांगायला लाज वाटत होती. बुकिंग क्लार्कच्या मुलीला पासाचा मान वाटतो, दुसरं काही नाही. दोन महिन्यांत कुठलेही दहा दिवस, दोघांचा मिळून एकच पास. सव्वीस वर्षांवरच्यांना तेव्हा पहिल्या वर्गाचाच पास मिळे, त्यामुळे जन्मात पहिल्यांदा आम्ही फर्स्ट क्लासमध्ये बसलो. पासावर दहा चौकटी होत्या. गाडीत चढण्याआधी त्या दिवसाची तारीख शाईने लिहायची, खाडाखोड चालणार नाही. संध्याकाळी सातनंतर रात्रीची गाडी पकडली तर दुसऱ्या दिवसाची तारीख घालायची. आयुष्यभर लोकांच्या खात्यांवर सह्या केलेल्या माणसाचा हात पहिली चौकट भरताना थरथरला. मी बघितलं, पण बोलले नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी आम्ही कोब्लेन्झला गाडी बदलून ऱ्हाईनच्या काठाकाठाने जाणाऱ्या साध्या पॅसेंजरमध्ये बसलो होतो. बाखाराख नावाचं स्टेशन आलं. खिडकीतून उभ्या चढावरचे द्राक्षांचे मळे, वर किल्ला, आणि मध्येच छप्पर नसलेलं, नुसत्या कमानी उरलेलं एक जुनं चॅपेल. मी म्हटलं, उतरू या? हे म्हणाले, इथे? आपलं काही ठरलेलं नाही. गाडी थांबलेली होती. उतरलो. पाच तास त्या गावात होतो. बेकरीतला पाव खाल्ला, नदीकाठी बसलो, नंतर मिळेल ती गाडी धरली. एक पैसा जास्त पडला नाही. त्या पाच तासांचा उल्लेख हे पुढे कितीदा करत. तरी हिशेब तो हिशेब. कोलोनहून पॅरिसला जाणाऱ्या वेगवान गाडीला पास असूनही रिझर्वेशनचे वेगळे पैसे पडले, आणि दहातली एक चौकट कोरीच राहिली. तो पास अजून माझ्याकडे आहे. मागच्या बाजूला ह्यांनी पेन्सिलने लिहिलं आहे, 'नुकसान'. आकडाही आहे.

युरोपातल्या मुलांसाठीचा पास याआधीच, १९७२ च्या मार्चमध्ये, आला होता. रेल्वे संघाला पन्नास वर्षं झाली म्हणून 'इंटररेल' काढला. वय एकवीसपर्यंत, देश एकवीस, मुदत एक महिना. ब्रिटनमध्ये किंमत साडेसत्तावीस पौंड. स्वतःच्या देशात अर्धं भाडं, बाहेर सगळं फुकट. वाढदिवसापुरती काढलेली ही गोष्ट मुलांनी बंद होऊ दिली नाही. वयाची अट १९७६ मध्ये तेवीस, १९७९ मध्ये सव्वीस झाली आणि १९९८ मध्ये मोठ्यांनाही पास मिळू लागला. हॉटेलचे पैसे नाहीत म्हणून रात्रीच्या गाडीत झोपायचं, सकाळी जिथे जाग येईल तो देश. ज्यांचे बाप एकमेकांवर गोळ्या झाडत होते त्यांची मुलं एका डब्यात पाय लांब करून झोपू लागली. २०१८ पासून युरोपीय संघ अठरा वर्षांच्या निवडक मुलांना असा पास फुकट देतो, तो काही उगाच नाही.

इतकं सगळं असताना नातीच्या तक्त्यात पास महाग का ठरला? कारण मधल्या काळात तिकीट बदललं.

२७ सप्टेंबर १९८१ ला पॅरिस-लिऑं मार्गावर फ्रान्सची अतिवेगवान गाडी, टीजीव्ही, धावू लागली. तिच्यात जागा राखून ठेवणं सक्तीचं. एकदा प्रत्येक जागेला नाव आणि वेळ चिकटली, की विमानासारखी प्रत्येक जागेची किंमत वेगळी ठेवता येते. १९९३ मध्ये फ्रेंच रेल्वेने अमेरिकन एअरलाइन्सच्या सेबर प्रणालीवर बेतलेली नवी संगणकी आरक्षण पद्धत आणली आणि तिला नाव दिलं 'सोक्रात', म्हणजे आपला सॉक्रेटिस. पण यावेळी प्रश्न विचारत सुटले ते प्रवासी! सुरुवातीला इतका गोंधळ झाला की विचारू नका. डिसेंबर २००२ मध्ये जर्मन रेल्वेनेही तोच रस्ता धरला. अर्ध्या भाड्याचं लोकप्रिय कार्ड बंद केलं आणि जो आधीपासून अमुकच गाडीने जाईन असं बांधून घेईल त्याला सवलत ठेवली. लोक एवढे संतापले की ऑगस्ट २००३ मध्ये ते कार्ड परत आणावं लागलं. पण स्वस्त, बांधलेलं तिकीट राहिलंच. मैलांचा आणि भाड्याचा संबंध तुटला. आपल्याकडेही सप्टेंबर २०१६ मध्ये राजधानी-शताब्दीला जागा भरतील तसं वाढतं भाडं आलंच की.

एडमंडसनच्या तिकिटात आणि या तिकिटात म्हणूनच मोठा फरक आहे. त्या जुन्या तिकिटाची किंमत अंतर ठरवत असे. या नव्याची तुम्ही किती आधी आणि किती घट्ट शब्द देता ते ठरवतं. तीन महिन्यांनंतरच्या एका मंगळवारी सकाळी मी अमुक फलाटावर असेन, असा तो शब्द. विशीतल्या मुलीला यात काहीच वाटत नाही.

२०१३ मध्ये आम्ही पुन्हा गेलो. या खेपेला तिकिटं. भाच्याने तीन महिने आधी सगळी काढून कागद छापून दिले. फ्रँकफर्ट-व्हिएन्ना, व्हिएन्ना-प्राग, प्राग-बर्लिन आणि परत. एकूण रक्कम बघून ह्यांनी मला तो जुना पास आठवून दिला, आणि मी गप्प बसले, कारण फरक खरंच मोठा होता. व्हिएन्नाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी हे उशिरा उठले. चेहरा उतरलेला. काय होतंय विचारलं तर म्हणाले, रात्रीचं जेवण अंगावर आलं. मी म्हटलं, आज राहू या इथेच. त्यांनी कागद दाखवला. त्याच गाडीला चालणारं तिकीट, बदल नाही, परतावा नाही. दोघांचे मिळून पन्नासेक युरो, तेव्हाचे चार हजार रुपये. आम्ही निघालो. प्रागपर्यंत चार-पाच तास हे खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसले होते आणि मी त्यांना थकवा आला असेल असं समजून मासिक वाचत होते. प्रागला उतरल्यावर बॅगेवरच बसले. तरी बर्लिन केलं, कारण बर्लिनचंही तिकीट होतं.

पुण्याला आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की दोन रक्तवाहिन्या बंद आहेत, आणि हे दुखणं पंधरा दिवसांचं नाही, पण त्या सकाळी जे झालं ते जेवणाचं नक्कीच नव्हतं. ॲन्जिओप्लास्टी झाली. त्यानंतर सहा वर्षं हे होते, चांगले होते. नंतर एकदा विचारलं, त्या दिवशी छातीत दुखत होतं ना? म्हणाले, दुखत होतं थोडं, पण तिकीट वाया गेलं असतं.

पास असता तर आम्ही थांबलो असतो का? चौकट कोरी ठेवून दुसऱ्या दिवशी भरली असती. का त्यांनी तेव्हाही काहीतरी हिशेब काढला असता? मला ठरवता येत नाही. भाच्याचा यात काही दोष नाही आणि त्या रेल्वेचाही नाही. तिने अटी स्वच्छ लिहिल्या होत्या. स्वस्त वस्तू स्वस्त का आहे ते आम्ही वाचलं नाही, एवढंच. असो.

आता नातीच्या तक्त्याकडे. मुलगी सत्तावीसच्या आतली, तेव्हा पास सवलतीत मिळेल. आता पास मोबाइलवर येतो, शाई नाही आणि चौकटीही नाहीत. मोठ्यांना दुसऱ्या वर्गाचाही मिळतो. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड इथे देशातल्या देशात बहुतेक गाड्यांत पास घेऊन सरळ चढता येतं. फ्रान्स, स्पेनच्या वेगवान गाड्यांना आणि लंडनच्या युरोस्टारला पासावर वेगळे पैसे भरून जागा राखावीच लागते, आणि पासवाल्यांच्या जागा मोजक्याच असतात. म्हणजे तिथे पास घेऊनही बांधलेपण सुटत नाही. उलट जर्मनीने २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने नऊ युरोत महिनाभर हिंडायचं तिकीट काढलं आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात ४९ युरोचं 'डॉइचलँड-टिकेट' आणलं. त्याची किंमत २०२५ च्या जानेवारीत ५८ युरो झाली. वेगवान गाड्यांना ते चालत नाही, पण बाखाराखला थांबणाऱ्या पॅसेंजरला चालतं. स्विस लोकांनी १८९८ मध्ये केलं ते शेजाऱ्यांना आत्ता सुचलं, असंही म्हणता येईल. आपणही परदेशी पाहुण्यांना इंडरेल पास विकत होतो, तो २०१७ मध्ये बंद केला.

काल रात्री जेवताना मी तिला व्हिएन्नाची गोष्ट सांगितली. तिला ती ठाऊक नव्हती. आज सकाळी बघते तर तिने तक्त्यात एक नवा रकाना वाढवला आहे, 'बेत बदलला तर'. त्यात काय आकडा लिहायचा यावर आमचं अजून चाललं आहे. पॅरिस-बार्सिलोनाची जागा मात्र पास घेतला तरी आधीच राखावी लागेल, एवढं तिला पटलं आहे.